बटणाच्या अंगावर काय लिहावं?

वेबपानावरच्या बटणाला काम नेमून द्यायचे दोन मार्ग आहेत. एक, बटणाच्या टॅगमध्येच ‘ऑनक्लिक’ हे ॲट्रिब्यूट लिहायचं आणि अवतरणचिन्हांच्या आत फंक्शनला हाक मारायची. दोन, टॅगमध्ये काहीच लिहायचं नाही. वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमधून ते बटण शोधायचं आणि ‘ॲडइव्हेंटलिसनर’ वापरून त्याला फंक्शन जोडायचं. पहिला मार्ग जावास्क्रिप्टइतकाच जुना. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५मध्ये नेटस्केपसाठी या भाषेचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. १९९६ साली नेटस्केप २ लोकांच्या हाती आला, तेव्हा त्यात ऑनक्लिक होतंच. दुसरा मार्ग डब्ल्यूथ्रीसीनं नोव्हेंबर २०००मध्ये प्रमाण ठरवला, पण इंटरनेट एक्स्प्लोररनं तो स्वीकारायला २०११ साल उजाडलं.

तेव्हापासून ॲप बनवणाऱ्यांत या प्रश्नावरून दोन तट आहेत. त्यांचा वाद मी इथे मामा आणि भाची यांच्या तोंडी घातला आहे. मामा सांगलीत सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतात. भाची पुण्यात दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सुरक्षेच्या नजरेनं तपासते. मामांच्या एका पानापासून बोलणं सुरू होतं.

भाची: मामा, तुमच्या खातेदारांच्या यादीचं पान पाहिलं. प्रत्येक ओळीत ‘बघा’, ‘बदला’, ‘पावती छापा’ अशी तीन बटणं आणि प्रत्येकाच्या टॅगमध्ये ऑनक्लिक. हे सगळं काढायला हवं.

मामा: का काढू? माझ्याकडे पोरं दोन-अडीच वर्षं टिकतात, मग तुमच्या पुण्याला जातात. नवा मुलगा येतो, पान उघडतो, बटणाचा टॅग बघतो. त्यात फंक्शनचं नाव दिसतं. ते नाव शोधलं की तो थेट नेमक्या ओळीवर. तुमच्या पद्धतीत टॅगवर नुसता क्लास असतो. त्या क्लासला कुठल्या फाइलनं काय जोडलंय, एका फाइलनं जोडलंय की तिघींनी, हे कळायला सगळा प्रकल्प धुंडाळावा लागतो. जिन्याच्या दिव्याचं बटण जिन्यापाशीच असावं गं.

भाची: पण मांडणी आणि वर्तन वेगळं ठेवावं, हे तर सगळेच शिकवतात. एचटीएमएलमध्ये काय आहे ते, सीएसएसमध्ये कसं दिसतं ते, जावास्क्रिप्टमध्ये काय होतं ते.

मामा: शिकवतात, ठाऊक आहे. आणि मग काय होतं ते मी सांगतो. डिझायनर रंग बदलताना क्लासचं नाव बदलतो. पान सुंदर दिसतं. बटण मात्र मुकं होतं आणि कुठे एक एररसुद्धा येत नाही, कारण स्क्रिप्टला त्या नावाचं काहीच सापडलेलं नसतं आणि घटक शोधायला आम्ही वापरतो त्या जेक्वेरी लायब्ररीला ‘काही सापडलं नाही’ ही चूक वाटत नाही. दुसरं, यादीत नवी ओळ नंतर भरली की तिच्या बटणांना तुमचं फंक्शन जोडलेलंच नसतं, कारण जोडणी पान उघडताना झाली. माझं ऑनक्लिक टॅगबरोबरच येतं. ओळ आली की काम चालू.

भाची: क्लासबद्दलचं म्हणणं मान्य आहे. क्लासचं नाव हीसुद्धा शेवटी एक स्ट्रिंगच. ती जुळते का हे कुणीच तपासत नाही.

ही कबुली महत्त्वाची आहे. वेगळ्या फाइलचा आग्रह धरणारी मंडळी सहसा ती देत नाहीत. कोड दुसऱ्या फाइलमध्ये नेल्यानं मांडणी आणि वर्तन यांचं नातं तुटत नाही, ते फक्त दृष्टीआड होतं. एचटीएमएक्स या साधनाचे कर्ते कार्सन ग्रोस यांनी हाच मुद्दा नेटानं मांडला आहे: एखादा घटक काय करतो हे शक्यतो तो घटक बघूनच कळायला हवं. मामांनी ग्रोस वाचलेले नसतील, पण माणसं सोडून जातात अशा छोट्या कचेरीत राहून ते त्याच निष्कर्षाला पोचले आहेत. वाचणाऱ्याचा वेळ हा खरा खर्च आहे.

भाची: आता माझं ऐका. तुमच्या एका पतसंस्थेची वसईला शाखा आहे ना? तिथल्या खातेदारांत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा असणारच. ही आडनावं इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी येतो. तुमचा सर्व्हर ऑनक्लिकमध्ये एकेरी अवतरणचिन्हांत खातेदाराचं नाव चिकटवतो. अपॉस्ट्रॉफी आला की जावास्क्रिप्टला वाटतं नाव तिथेच संपलं. पुढचं ‘सोझा’ हे त्याच्या दृष्टीनं निरर्थक कोड. म्हणजे पाटलांचं बटण चालतं, डिसोझांचं चालत नाही.

मामा: ते होतं, खरं आहे. म्हणून आम्ही तो अपॉस्ट्रॉफी एचटीएमएलच्या सांकेतिक रूपात बदलून पाठवायला सुरुवात केली.

भाची: आणि तरीही बटण चाललं नसेल.

मामा: नाही चाललं. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी आडनावातला अपॉस्ट्रॉफीच काढून टाका म्हणून शाखेला कळवलं.

भाची: मामा, माणसाचं आडनाव बदलायची वेळ सॉफ्टवेअरनं आणू नये! कारण साधं आहे. त्या ॲट्रिब्यूटचं वाचन दोनदा होतं. आधी एचटीएमएल वाचणारा भाग येतो. तो सांकेतिक रूप उलगडून मूळ अपॉस्ट्रॉफी परत ठेवतो, कारण ते त्याचं कामच आहे. मग उरलेला मजकूर जावास्क्रिप्टकडे जातो. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर तुमचं संरक्षण उतरलेलं असतं. नाव सुखरूप न्यायचं तर आधी जावास्क्रिप्टच्या नियमानं बांधायचं आणि वरून एचटीएमएलच्या नियमानं, याच क्रमानं, प्रत्येक पानावर, न चुकता.

मामा: म्हणजे नीट बांधलं तर चालतं.

भाची: चालतं. पण एकदा चुकलं तर काय होतं ते बघा. नावाच्या रकान्यात कुणी आडनावाऐवजी अवतरणचिन्ह, कंस, अर्धविराम आणि त्यापुढे स्वतःचं फंक्शन लिहिलं तर? तुमचा कारकून ते खातं बघायला बटण दाबतो आणि त्या माणसाचा कोड कारकुनाच्या अधिकारानं चालतो.

मामा: अगं, आमचं पान संस्थेच्या आतल्या नेटवर्कवर चालतं. बाहेरचा कोण येणार?

भाची: बाहेरच्याला यावं लागत नाही. खातं उघडायचा अर्ज तुम्ही आता मोबाइलवरून घेता. नाव बाहेरून येतं आणि आतल्या पडद्यावर उघडतं. त्या पडद्यासमोर बसलेल्याला पैसे वळते करण्याचा अधिकार असतो.

इथे मामा काही क्षण बोलले नाहीत, आणि मलाही भाचीचा हा मुद्दा सगळ्या वादातला सर्वांत जड वाटतो. २००५च्या ऑक्टोबरमध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटवर जे घडलं ते या जातीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. लोकांनी स्वतःच्या पानावर लिहिलेल्या मजकुरातून मायस्पेस स्क्रिप्टचे टॅग गाळायचं, ऑनक्लिकसारखी ॲट्रिब्यूटं गाळायचं, ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्दसुद्धा गाळायचं. सामी कामकार या तरुणानं तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला आणि शैलीच्या ॲट्रिब्यूटमध्ये घातला. काही ब्राउझर तो जोडून वाचत असत. बाकीचा कोड त्यानं आणखी एका ॲट्रिब्यूटमध्ये निरुपद्रवी मजकुरासारखा ठेवला. ज्यानं त्याचं पान पाहिलं त्याच्या पानावर तो कोड आपोआप उतरायचा. वीस तासांत दहा लाखांहून अधिक खात्यांत तो पसरला आणि मायस्पेसला आपली साइट काही काळ बंद ठेवावी लागली. कामकारनं ऑनक्लिक वापरलं नव्हतं, ते गाळलं जातं हे त्याला माहीत होतं. पण ॲट्रिब्यूटमधला मजकूर कधी मजकूर असतो आणि कधी कोड होतो, ही सीमा किती पातळ आहे ते त्यानं जगाला दाखवलं.

भाची: म्हणून तर ब्राउझरवाल्यांनी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी आणली. फायरफॉक्स ४मध्ये, २०११ साली ती पहिल्यांदा आली. सर्व्हर पानाबरोबर एक सूचना पाठवतो की कोड फक्त अमुक ठिकाणाहून आलेलाच चालवायचा. पॉलिसी कडक असेल तर टॅगमध्ये लिहिलेलं ऑनक्लिक ब्राउझर चालवतच नाही. पानात लिहिलेल्या स्क्रिप्ट टॅगला निदान एकवेळचा परवाना-क्रमांक देता येतो. ॲट्रिब्यूटला तो देण्याची सोय नाही. क्रोमच्या एक्स्टेन्शनमध्ये तर २०१२पासून टॅगमधलं ऑनक्लिक चालतच नाही.

मामा: मग स्वतः फायरफॉक्सवाले काय करत होते? त्यांच्या खिडकीतले मेन्यू, बटणं सगळं मार्कअपमध्येच लिहिलेलं, आणि हुकूम ॲट्रिब्यूटमध्ये. मी पाहिलंय ते.

भाची: बरोबर पाहिलंत. ‘ऑनकमांड’ म्हणायचे त्याला. अलीकडे त्यांनी ब्राउझरच्या मुख्य खिडकीतली अशी शेकडो ॲट्रिब्यूटं एकेक करून काढली, आणि २०२५मध्ये स्वतःच्या खिडकीलाही तीच कडक पॉलिसी लावली. वीसेक वर्षांची सवय त्यांनी मोडली, मामा.

मामांचा पुढचा प्रश्न रास्त होता: धोका चिकटवलेल्या नावाचा आहे. ज्या ऑनक्लिकमध्ये बाहेरचं काहीच नाही, फक्त कंसासकट फंक्शनचं नाव आहे, त्याचा काय गुन्हा? याला भाचीनं जे उत्तर दिलं ते कित्येक अनुभवी लोकांनाही ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर देतो.

भाची: तुम्ही फंक्शनला ‘क्लिअर’ हे नाव द्या, फॉर्म रिकामा करायला. टॅगमध्ये त्याला हाक मारा. बटण दाबल्यावर काहीही होणार नाही. एररही येणार नाही.

मामा: का?

भाची: कारण ॲट्रिब्यूटमधल्या कोडला नावं शोधायची एक वेगळीच वाट नेमून दिली आहे. तो आधी त्या घटकातच नाव शोधतो, मग तो घटक ज्या फॉर्ममध्ये असेल त्या फॉर्ममध्ये, मग डॉक्युमेंटमध्ये, आणि सगळ्यांत शेवटी तुमच्या फंक्शनांकडे येतो. डॉक्युमेंटपाशी ‘क्लिअर’ नावाची एक जुनी रिकामी क्रिया आहे, तीच चालते. फंक्शनचं नाव ‘ओपन’ ठेवलंत तर डॉक्युमेंटची ‘ओपन’ चालते आणि अख्खं पान पुसलं जातं. आणि ही नावांची यादी ब्राउझर दरवर्षी वाढवतात. ‘ॲनिमेट’ नावाची क्रिया घटकांना नंतर मिळाली, आणि ज्यांनी स्वतःच्या फंक्शनला ते नाव देऊन टॅगमधून हाक मारली होती त्यांची चालती पानं एका सकाळी बंद पडली. त्यांनी एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

प्रमाण ठरवणाऱ्यांना ही अडचण इतकी जाणवली, की पुढे ‘अपेंड’, ‘रिमूव्ह’ अशा नव्या क्रिया घटकांना देताना त्यांना खास खूण करावी लागली: ॲट्रिब्यूटमधून नाव शोधलं जात असेल तर या क्रिया दिसू देऊ नका. जुन्या पानांवर याच नावांची फंक्शनं असतील, ती मोडू नयेत म्हणून. ऑनक्लिक काढून टाकता येत नाही, कारण त्यावर उभी असलेली पानं मोजण्यापलीकडे आहेत. आणि ते आहे तोवर प्रत्येक नव्या सोयीला त्याच्याकडे बघूनच पाऊल टाकावं लागतं.

मामांनी आणखी एक दुखणं सांगितलं. त्यांच्या एका मुलानं स्क्रिप्टच्या टॅगला ‘मोड्यूल’ हा प्रकार दिला आणि पानावरची सगळी बटणं एकदम बंद पडली. याचं कारण थोडक्यात असं की मोड्यूलमधली फंक्शनं मोड्यूलच्या आतच राहतात. ॲट्रिब्यूटला फक्त सार्वजनिक फंक्शनं दिसतात. आता सगळीच नवी साधनं मोड्यूल वापरतात, त्यामुळे टॅगमधून हाक मारायची तर प्रत्येक फंक्शन मुद्दाम बाहेर आणून ठेवावं लागतं.

मामा: ठीक. पण मग मला सांग, तुमच्या पुण्यातली सगळी पोरं रिॲक्ट लिहितात. त्यात बटणाच्या टॅगमध्येच ऑनक्लिक असतं! व्ह्यूमध्ये खूण वेगळी, पण तीही टॅगमध्येच. स्वेल्टवाल्यांनी तर २०२४मध्ये पाचव्या आवृत्तीत आपली वेगळी खूण सोडून पुन्हा साधं ऑनक्लिकच घेतलं. मी लिहिलं तर मागासलेला, आणि त्यांनी लिहिलं तर आधुनिक?

भाची: मामा, दिसायला एकच, पण आत फरक आहे. रिॲक्टच्या ऑनक्लिकमध्ये स्ट्रिंग नसते, प्रत्यक्ष फंक्शन असतं. ती फाइल एचटीएमएल नसतेच, ते सगळं आधी जावास्क्रिप्टमध्ये उतरवलं जातं. नाव चुकलं तर पान बनवतानाच साधनं ओरडतात. आणि डिसोझांचं नाव तिथे मजकूर म्हणूनच जातं, त्याचा कोड होऊ शकत नाही.

मामा: म्हणजे बटणापाशी लिहिण्यात चूक नव्हती.

भाची: नव्हती. स्ट्रिंग लिहिण्यात होती.

२०१३च्या मेमध्ये रिॲक्ट जाहीर झालं तेव्हा मार्कअप आणि कोड एकत्र केल्याबद्दल त्यावर बरीच टीका झाली होती. ती टीका मामांच्या पानांना लागू होणारी होती, रिॲक्टला नव्हे. लोक कोड कुठे लिहिलाय ते बघत होते. बघायला हवं होतं ते हे, की लिहिलेलं नाव कोण तपासतं आणि कधी.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सएएमएल या मार्कअप भाषेत २००६पासून ही तपासणी आहे. बटणाच्या ‘क्लिक’ या ॲट्रिब्यूटमध्ये फंक्शनचं नाव लिहायचं. ते फंक्शन सोबतच्या फाइलमध्ये नसेल तर कंपाइलर तिथेच थांबतो. उलट उदाहरण अँड्रॉइडचं, आणि ते मामांच्या घरचंच निघालं.

मामा: आमच्या पिग्मी एजंटांचं ॲप आहे. त्यात लेआउटच्या एक्सएमएलमध्ये बटणाला ऑनक्लिक दिलंय, नुसतं नाव. कोड नाही, अवतरणचिन्हांची भानगड नाही. तरी एजंट दुकानात उभा, पैसे हातात, ‘जमा’ दाबलं की ॲप बंद.

भाची: फंक्शनचं नाव बदललं असेल, एक्सएमएलमध्ये जुनंच राहिलं असेल.

मामा: तसंच झालं होतं.

भाची: अँड्रॉइड १.६पासूनची ही सोय. ॲप चालू असताना, बटण दाबल्या क्षणी, ते नाव ॲक्टिव्हिटीत शोधलं जातं. फंक्शन सार्वजनिक हवं, त्याला अँड्रॉइडच्या ‘व्ह्यू’ प्रकारचा एकच पॅरामीटर हवा. नाही सापडलं तर ॲप कोसळतं. फंक्शन फ्रॅगमेंटमध्ये लिहिलं तर तेही सापडत नाही. शिवाय ॲप लहान करणारं साधन न वापरलेली फंक्शनं काढतं आणि बाकीच्यांची नावं बदलतं, तेव्हा ही फंक्शनं वगळायला त्याला वेगळं सांगून ठेवावं लागतं. गूगलनं आता ती सोय वापरू नका असंच म्हटलंय. त्यांच्याच नव्या जेटपॅक कंपोजमध्ये बटणापाशीच ऑनक्लिक लिहितात, पण तिथे ते खरं फंक्शन असतं.

मामा: माझ्या जुन्या पानांचं काय करू? रिॲक्टमध्ये सगळं नव्यानं लिहायला पतसंस्था पैसे देणार नाहीत.

भाची: लिहू नका. ओळीतल्या बटणावर ‘डेटा-काम’ असं एक ॲट्रिब्यूट ठेवा, त्यात ‘पावती’ एवढाच शब्द. खातेक्रमांक दुसऱ्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये. अख्ख्या तक्त्याला एकच लिसनर. क्लिक बटणावर झाली तरी ती वर तक्त्यापर्यंत पोचते. तिथे तो शब्द वाचायचा, आणि ठरलेल्या कामांच्या यादीत असेल तरच फंक्शन चालवायचं. यादीत नसेल तर मोठ्यानं एरर द्यायची, गप्प बसायचं नाही. नंतर भरलेल्या ओळीही आपोआप चालतात.

मामा: आणि नव्या मुलाला टॅगवर ‘पावती’ दिसेल.

भाची: दिसेल. बेसकॅम्पवाल्यांचं स्टिम्युलस हे साधन याच तत्त्वावर चालतं. आता खुद्द एचटीएमएलमध्येही ‘कमांड’ आणि ‘कमांडफॉर’ अशी ॲट्रिब्यूटं आली आहेत: हे बटण अमुक खिडकी उघडेल, एवढंच टॅगवर लिहायचं, स्क्रिप्ट नकोच.

मामा: मग भांडत कशाला होतो आपण?

माझा कौल असा. बटण काय करतं हे बटणावर लिहिलेलं असावं, हा मामांचा हट्ट बरोबर आहे, आणि वेगळ्या फाइलच्या नावाखाली तो मोडीत काढणाऱ्यांनी वाचणाऱ्यांचे हाल केले. पण बटणावर कामाचं नाव असावं, चालू शकणारी स्ट्रिंग नव्हे. आणि ते नाव चुकलं तर ग्राहकाच्या हातात नव्हे, आपल्या टेबलावर कळावं. एक्सएएमएल, रिॲक्ट आणि कंपोज ही अट पाळतात. अँड्रॉइडचं जुनं ॲट्रिब्यूट नाव लिहितं पण तपासत नाही. एचटीएमएलचं मूळ ऑनक्लिक दोन्हीकडे नापास होतं.

जुना प्रकल्प हाताशी असलेल्यांना एक विनंती. सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आज फक्त ‘ऑन’नं सुरू होणारी ॲट्रिब्यूटं शोधा आणि त्यातली अशी वेगळी काढा जिथे सर्व्हर अवतरणचिन्हांच्या आत एखादं नाव, पत्ता किंवा शेरा चिकटवतो. तेवढी आठवड्याभरात डेटा ॲट्रिब्यूटमध्ये हलवा. बाकीची सवडीनं करा, आणि ज्या शाखेला आडनावं बदलायला सांगितली असतील तिला ती पुन्हा बरोबर लिहून घ्यायला कळवा.